हलक्या पावसाळी कोटाचे जनक : थॉमस बर्बेरी



जून उजाडला की आपल्या शाळेच्या व्हरांड्यात ओळीने रेनकोट टांगले जातात. निळे, पिवळे, काळे, काही मोठ्या भावाचे, काही बाबांचे. खानापूरच्या बाजूने बसने येणारी मुले फाटकातून आत येतात तेव्हा आम्ही एक गोष्ट दरवर्षी पाहतो. मूल रेनकोट काढते आणि आतला गणवेशाचा सदरा पाठीला चिकटलेला असतो. रेनकोटला कुठे भोक नसते, पाऊस आत गेलेला नसतो, तरी मूल ओले असते. त्याला भिजवलेले असते त्याच्याच घामाने.

पावसाच्या कपड्यांतली खरी अडचण ही आहे. बाहेरचे पाणी अडवणे सोपे, पण ते अडवताना आतला ओलावा बाहेर जाऊ देणे अवघड. या अवघड प्रश्नाला सुमारे दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका कापड दुकानदाराने हात घातला. त्याचे गिऱ्हाईक होते शेतकरी, शिकारी आणि नदीवर गळ टाकून बसणारे लोक. त्या दुकानदाराचे नाव थॉमस बर्बेरी. आज हे नाव श्रीमंतांच्या महागड्या कोटांवर दिसते, पण त्याची सुरुवात चिखलात झाली. म्हणूनच या अंकात आम्ही त्यांची ओळख करून देत आहोत.

थॉमस बर्बेरी यांचा जन्म २७ ऑगस्ट १८३५ रोजी इंग्लंडच्या सरे परगण्यातील ब्रॉकहॅम ग्रीन या खेड्यात झाला. शिक्षण गावातल्या शाळेत. त्यानंतर त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांनी एका कापड दुकानदाराकडे उमेदवारी केली. उमेदवारी म्हणजे दुकानात राहून काम करता करता धंदा शिकणे. १८५६ साली, वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी, त्यांनी हॅम्पशायर परगण्यातील बेसिंगस्टोक या गावी स्वतःचे छोटे कापड दुकान थाटले.

बेसिंगस्टोक हे बाजाराचे गाव होते. भोवती शेते, मेंढ्यांची कुरणे, रानपाखरांच्या शिकारीची माळराने आणि ट्राउट माशांसाठी नावाजलेल्या नद्या. दुकानात येणारा माणूस दिवसचे दिवस उघड्यावर काढणारा होता. इंग्लंडचा पाऊस आपल्यासारखा धो धो नसतो, तो बारीक, गार आणि चिवट असतो. थांबेल म्हणून वाट पाहत बसावे तर दिवस संपतो. त्यामुळे पावसातच काम करायचे आणि पावसातच शिकारीला जायचे, असा तिथला रिवाज.

अशा लोकांना त्या वेळी तीन प्रकारचे कपडे मिळत. पहिला प्रकार जाड लोकरी कोट. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब देते, पण ती पाणी पिते. सकाळी अंगावर चढवलेला कोट दुपारपर्यंत दुप्पट जड वाटू लागे. दुसरा प्रकार तेल पाजलेल्या कापडाचा. खलाशी तो वापरत. जवसाचे तेल लावून वाळवलेले हे कापड पाणी अडवी, पण ते ताठ असे, चिकट होई आणि हालचाल केली की करकर वाजे. तिसरा प्रकार त्या काळचा सर्वांत नवा, म्हणजे रबराचा.

रबरी कापडाची गोष्ट इथे थोडक्यात सांगायला हवी. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरचे रसायनतज्ज्ञ चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी १८२३ साली त्याचे पेटंट घेतले. दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्था या द्रवात रबर विरघळवायचे आणि तो लेप दोन कापडांच्या मध्ये घालून ती एकमेकांना चिकटवायची, अशी त्यांची युक्ती होती. पाणी अडवण्यात हे कापड पक्के होते. इंग्लंडमध्ये रेनकोटला लोक मॅकिन्टॉश म्हणू लागले ते यामुळेच. पण सुरुवातीचे हे कोट थंडीत लाकडासारखे कडक होत, उन्हात चिकट होत आणि त्यांना उग्र वास येई. पुढे १८४० च्या दशकात रबरावर गंधकाची प्रक्रिया करण्याची पद्धत आली. त्यामुळे कडकपणा आणि चिकटपणा बराच कमी झाला. एक दोष मात्र तसाच राहिला. ज्या लेपातून पाणी आत येत नाही, त्या लेपातून घामाची वाफही बाहेर जात नाही.

शिकाऱ्याच्या दृष्टीने या दोषाचा विचार करा. तो पहाटे निघतो, चढ चढतो, झुडपांतून वाट काढतो. अंगाला घाम सुटतो. मग त्याला एका जागी तास-दोन तास न हलता बसायचे असते. घामाने ओला झालेला सदरा आता गार पडू लागतो. ओले कपडे शरीराची ऊब फार वेगाने खेचून घेतात. पारा शून्याच्या बराच वर असतानाही भिजलेल्या माणसाला वाऱ्यात हुडहुडी भरते, बोटे बधिर होतात, डोके चालेनासे होते आणि वेळीच आसरा मिळाला नाही तर जीवही जाऊ शकतो. पाणी पावसाचे आहे की घामाचे, याने शरीराला काही फरक पडत नाही. त्यातून रबराच्या वासाने आणि खसखस आवाजाने जनावर आधीच सावध व्हायचे ते वेगळेच.

बर्बेरी यांनी या अडचणीचा विचार पाण्याच्या बाजूने न करता घालणाऱ्याच्या बाजूने केला, हे त्यांचे वैशिष्ट्य. कापडावर लेप चढवून सगळी छिद्रे बुजवायची, हा आजवरचा मार्ग त्यांनी सोडला. त्याऐवजी सुतालाच पाणी नकोसे करायचे आणि त्या सुताचे कापड अतिशय घट्ट विणायचे, असे त्यांनी ठरवले. एका गिरणीवाल्याच्या मदतीने त्यांनी प्रयोग केले आणि १८७९ च्या सुमारास गॅबर्डिन हे कापड तयार झाले. १८८८ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले.

गॅबर्डिनची कृती समजून घेण्याजोगी आहे. प्रथम विणण्याआधीच सुतावर पाणी न धरणारी प्रक्रिया करायची. मग त्या सुताचे तिरकस रेघांच्या विणीचे दाट कापड विणायचे. शेवटी विणलेल्या कापडावर पुन्हा एकदा तीच प्रक्रिया करायची. असे कापड जवळून पाहिले तर त्यात सूक्ष्म छिद्रे असतातच. पण पाण्याच्या थेंबाला स्वतःचा आकार गोल ठेवण्याची ओढ असते. विज्ञानाच्या तासाला तुम्ही त्याला पृष्ठताण म्हणता. सूत पाण्याला धरत नसेल, तर थेंब पसरत नाही, बारीक छिद्रात शिरत नाही आणि अळवाच्या पानावरून ओघळावा तसा ओघळून जातो. घामाची वाफ मात्र सुट्या सुट्या रेणूंची असते. तिला त्याच छिद्रांतून बाहेर पडता येते. वाराही दाट विणीमुळे अडतो. आणि रबराचा थरच नसल्यामुळे कापड हलके राहते.

ही कल्पना बर्बेरी यांना मेंढपाळांवरून सुचली, असे सांगतात. मेंढपाळांचे सुती-तागाचे झगे मेंढ्यांच्या सतत सहवासाने लोकरीतल्या चरबीने माखत आणि मग त्यांच्यावर पाणी ठरत नसे. गोष्ट शब्दशः खरी असो वा नसो, त्यामागचे शास्त्र खरे आहे. ते आपल्यालाही परके नाही. आपल्या भागातला धनगर भर पावसात घोंगड्याची खोळ डोक्यावरून घेऊन मेंढरांमागे उभा असतो. त्या घोंगड्याच्या लोकरीतही तीच चरबी असते. पाण्याचे थेंब वरच्यावर राहतात, आत ऊब राहते आणि खोळ समोरून उघडी असल्यामुळे कोंडल्यासारखे होत नाही. घोंगड्याचा दोष एकच. पाऊस लांबला की ते फार जड होते.

गॅबर्डिन हे नावही बर्बेरी यांनी जुन्यातून उचलले. हा शब्द मध्ययुगापासून लांब, सैल झग्यासाठी वापरला जात होता. शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट' या नाटकात वादळात सापडलेले एक पात्र दुसऱ्याच्या गॅबर्डिनखाली शिरून आसरा घेते. नव्या कापडाला याहून चांगले नाव कोणते मिळाले असते? आपल्याकडे जुन्या शिंप्यांना हा शब्द चांगला माहीत आहे. घरातल्या आजोबांना विचारा, त्यांच्या तरुणपणी गॅबर्डिनची पँट शिवणे ही किती ऐटीची बाब होती ते सांगतील.

कापड झाले, पण बर्बेरी तेवढ्यावर थांबले नाहीत. कपडा कसा बेतावा, यातही त्यांनी लक्ष घातले. बंदूक खांद्याला लावताना हात झटकन वर जायला हवा. साध्या कोटात हात उचलला की सारा कोट वर ओढला जातो, मनगट उघडे पडते आणि पाणी बाहीतून आत शिरते. म्हणून त्यांच्या कारखान्यात बाहीची जोडणी अशी केली जाऊ लागली की हात फिरला तरी कोट जागच्या जागी राहावा. शिकारी, मासेमार, गोल्फ खेळणारे, घोडेस्वार, प्रत्येकासाठी वेगळी बेतणी असे. कपडा अंगावर कसा दिसतो यापेक्षा अंग हलल्यावर तो कसा वागतो, हे तिथे आधी पाहिले जाई.

दुकान वाढत गेले. १८९१ साली लंडनच्या हेमार्केट भागात शाखा निघाली. मुलगेही धंद्यात आले. बर्बेरी स्वतः श्रद्धाळू बॅप्टिस्ट ख्रिस्ती होते आणि दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते होते. १९०५ साली बेसिंगस्टोकमधले त्यांचे मोठे दुकान आगीत भस्मसात झाले. त्या वेळी ते सत्तरीला आले होते. तरी धंदा थांबला नाही.

शिकाऱ्यांसाठी केलेले हलके कापड हळूहळू फार दूरवर पोचले. १९११ च्या डिसेंबरमध्ये दक्षिण ध्रुवावर पहिले पाऊल ठेवणाऱ्या रोआल अमुंडसेन यांच्या सामानात गॅबर्डिनचे कपडे होते. अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या १९१४ ते १९१७ च्या अंटार्क्टिक मोहिमेतही ते होते. १९२४ साली दार्जिलिंगहून निघालेल्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज मॅलरी शिखराजवळ बेपत्ता झाले. त्यांचा देह १९९९ साली सापडला आणि कपड्यांचे तुकडेही मिळाले. पुढे त्यांवरून हुबेहूब तसेच कपडे शिवून २००६ साली एव्हरेस्टच्या उतारावर घालून पाहण्यात आले. रेशीम, सूत आणि लोकरीचे पातळ थर आणि वरून गॅबर्डिन, असा तो पोशाख होता. जुन्या काळचे गिर्यारोहक अपुऱ्या कपड्यांत गेले, असे तोवर अनेकांना वाटे. प्रत्यक्षात तो पोशाख वजनाला हलका आणि हालचालीला मोकळा निघाला.

याच कापडाची दुसरी बाजूही आम्ही सांगितली पाहिजे. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि फ्रान्स व बेल्जियमच्या भूमीवर सैनिक पाण्याने भरलेल्या खंदकांत महिनोन्‌महिने राहू लागले. खंदकाला इंग्रजीत ट्रेंच म्हणतात. तिथे वापरला जाणारा हलका पावसाळी कोट तो ट्रेंच कोट. तो पहिल्यांदा कोणी शिवला यावर बर्बेरी आणि ॲक्वास्क्युटम या दोन्ही कंपन्या हक्क सांगत आल्या आहेत. बर्बेरी यांनी मात्र १९१२ सालीच त्याच्या आधीच्या घाटाचे, बटणांऐवजी पट्ट्याने आवळायच्या कोटाचे, पेटंट घेतले होते. पण हा हलका कोट कोणाच्या अंगावर होता? ब्रिटिश सैन्यात अधिकारी आपला गणवेश स्वतःच्या पैशाने शिवून घेत. त्यांना असा कोट परवडे. साध्या शिपायाला मिळे तो सरकारी लोकरी ओव्हरकोट. तो पाणी पिई, त्याला चिखल चिकटे आणि त्याचे वजन इतके वाढे की कित्येक शिपाई त्याचा खालचा घेर कापून टाकत. एकाच खंदकात, एकाच पावसात, कोणाचे ओझे हलके व्हायचे ते पैशावर ठरत होते. रानात पाखरांमागे जाणाऱ्यांसाठी शोधलेली वस्तू माणसांच्या युद्धात गेली आणि तिथेही ती सर्वांना मिळाली नाही, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

१९२० साली बर्बेरी यांची कंपनी शेअर बाजारात आली. ४ एप्रिल १९२६ रोजी बेसिंगस्टोकजवळच्या हुक या गावी वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९५५ साली कंपनी घराण्याच्या हातातून गेली. आज त्यांच्या नावाच्या कोटाची किंमत लाख रुपयांच्या वर असते. शेतकऱ्याच्या अंगावरून तो कोट दिमाखदार दुकानांच्या काचेआड गेला आहे.

त्यांचा प्रश्न मात्र जुना झालेला नाही. गॅबर्डिन संततधार पावसात तासन्‌तास टिकत नाही. शेवटी ते भिजतेच. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्याने ताणून त्याचा सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा बनवला. त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पट लहान, पण वाफेच्या रेणूपेक्षा मोठी. गोरटेक्स म्हणतात ते हेच. पाणी अडवायचे आणि वाफ सोडायची, हे सूत्र बर्बेरी यांचेच. असल्या कापडांसाठी वापरली जाणारी काही फ्लोरिनयुक्त रसायने माती-पाण्यात वर्षानुवर्षे नष्ट होत नाहीत, हे आता कळले आहे आणि त्यांना पर्याय शोधले जात आहेत.

आता थोडे आपल्या उपयोगाचे. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातल्या प्राण्यांची शिकार हा गुन्हा ठरला आहे, आणि ते योग्यच झाले. पण आंबोली-चोर्ल्याच्या रानात पावसाळ्यात बेडूक, पाखरे, फुलपाखरे पाहायला जाणाऱ्यांच्या गरजा त्या जुन्या शिकाऱ्यासारख्याच असतात. चढायचे, मग निःशब्द बसायचे. अशा वेळी रेनकोट निवडताना आम्ही मुलांना पुढील गोष्टी पाहायला सांगतो.

तो घडी घालून दप्तरात मावतो का? जड रेनकोट आपण घरी ठेवून जातो आणि नेमका त्याच दिवशी पाऊस येतो. आतून शिवणीवर पट्टी चिकटवलेली आहे का? पाणी बहुधा कापडातून येत नाही, सुईच्या भोकांतून येते. दोन्ही हात वर करून आणि खाली वाकून पाहा, मनगट आणि पाठ उघडी पडते का? काखेत किंवा पाठीवर झडपेखाली हवा जायला जागा आहे का? आपल्याकडे हे फार महत्त्वाचे. वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी हवी, आणि जुलैत आपली हवा आधीच ओलसर असते. त्यामुळे महागडे वाफ सोडणारे कापडही इथे थंड देशांइतके काम करत नाही. मोकळी हवाच जास्त कामाची. कोकणातल्या भातलावणीत पाठीवर घेतले जाणारे बांबू-पानांचे इरले याच कारणाने इतकी वर्षे टिकले. वर पाणी अडते, खाली वारा खेळतो आणि हात मोकळे राहतात. शेवटी, रेनकोट चुरगळून कानाशी धरा. फार वाजत असेल तर पाखरू तुमच्या आधी उडेल.

आणखी एक. चढ चढताना थोडे भिजलात तर चालेल, पण बसायची वेळ आली की अंगात घालायला एक कोरडा सदरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न्या. ही सूचना कुठल्याही महागड्या कोटापेक्षा अधिक उपयोगी आहे.

थॉमस बर्बेरी मोठे शास्त्रज्ञ नव्हते, कुठल्या विद्यापीठात गेले नव्हते. दुकानात येणारा माणूस ओला का होतो, हे त्यांनी नीट पाहिले आणि उत्तर सापडेपर्यंत तो प्रश्न सोडला नाही. उद्या सकाळी रेनकोट काढल्यावर सदरा पाठीला चिकटलेला दिसला, तर नुसते कुरकुरू नका. कापडाची वीण पाहा, शिवण पाहा, पाण्याचा एक थेंब त्यावर टाकून तो गोल राहतो की पसरतो ते पाहा. आणि वर्गात ज्याच्याकडे रेनकोटच नाही, तो कोण, हेही पाहा. घरी लहान झालेला चांगला रेनकोट असेल, तर तो शाळेत आणून वर्गशिक्षकांकडे द्या.